पाटीवर काय लिहिलंय?

उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर व्हिडिओ गेमच्या धंद्यात काय करतो, असं नातेवाईक विचारतात. गेममधली वाक्यं तपासतो, एवढंच. एका कंपनीकडून एक्सेलची फाइल येते. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी उर्दू किंवा मराठी. पैसे शब्दांच्या हिशेबाने, आणि तेही उशिरा. घोडे, किल्ले, तलवारी काही दिसत नाहीत. दिसतात ती नुसती सुटी वाक्यं.

'तू जिंकलास' हेच घ्या. इंग्रजीत एका वाक्यात मुलगा-मुलगी दोघं बसतात. मराठीत 'जिंकलास' की 'जिंकलीस' हे ठरवावंच लागतं, आणि खेळतंय कोण हे फाइलला ठाऊक नसतं. मग 'विजय तुझाच!' अशी पळवाट शोधायची. उर्दूत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या. वजीर बादशहाला 'तू' म्हणाला, तर आपल्या घरातलं पोरगंही हसेल.

लिपीचं दुखणं आणखी वेगळं. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, आणि शेजारी कोण आहे ते पाहून अक्षर आपला आकार बदलतं. सॉफ्टवेअरला हे शिकवलेलं नसेल तर अक्षरं सुटी पडतात, शब्द उलटा उमटतो. नस्तालीक तिरकी उतरते, तिला उंची लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात तिचे नुक्ते कापले जातात. रामी इस्माईल हे डच-इजिप्शियन गेमनिर्माते अरबीच्या बाबतीत हेच गाऱ्हाणं वर्षानुवर्षं मांडत आले आहेत.

हे निव्वळ तांत्रिक दुखणं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. २००९ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' आला. त्यात कराचीचा एक मॅप आहे आणि तिथल्या पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू चालते. बंदुकांच्या बारकाव्यांवर एवढी मेहनत घेणाऱ्यांना शहराची भाषा विचारावीशी वाटली नाही, कारण त्या पाट्या कुणी वाचेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पण आमची मुलं वाचतात. वर्गात जी लिपी ती गिरवतात, ती पडद्यावर शत्रूच्या मागची नक्षी होऊन बसते.

उलटं उदाहरण २००८ चं. 'लिटलबिगप्लॅनेट' बाजारात येण्याच्या तोंडावर त्यातल्या एका गाण्यात कुरआनमधले शब्द असल्याचं लक्षात आलं. सोनीने गेम थांबवला, डिस्क परत मागवल्या. गाणं होतं मालीच्या तुमानी दियाबाते यांचं. ते स्वतः मुसलमान, आणि त्यांच्या समाजात अशा रचना गाणं नेहमीचंच. काही मुसलमानांनाही हे कापणं पटलं नाही. कोण बरोबर, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ही चर्चा गेम बनत असताना व्हायला हवी होती. एकीकडे बेफिकिरी, दुसरीकडे घाबरून माघार, आणि दोन्ही ठिकाणी कारण मला एकच दिसतं: ती भाषा जाणणाऱ्याला वेळेवर कुणी विचारलं नाही.

'सर, उर्दू घेऊन पुढे काय?' हा प्रश्न दरवर्षी येतो. गेममध्ये नोकरी लागेल, असं खोटं आश्वासन मी देत नाही. माझंच काम कधी दोन महिने येत नाही. पण 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम पुण्यातल्या स्टुडिओत बनला, हे सांगतो. गेम बनवायला कोड लिहिणारा लागतो, चित्र काढणारा लागतो, आणि पात्रांच्या तोंडी भाषा घालणाराही लागतो. पाटीवर काय लिहिलंय हे वाचून 'हे चूक आहे' म्हणणारं एक माणूस त्या टेबलाशी असावं. ते आपल्या मोहल्ल्यातलं असायला हरकत काय?

तोवर फाइली येत राहतील. परवाच्या फाइलमध्ये एका म्हातारीचा संवाद होता. नातवाला ती 'आप' म्हणत होती. मी 'तुम' केलं आणि शेजारी 'बेटा' जोडलं.