न मागितलेले पुरावे

२०२० सालचा मे महिना. टाळेबंदीमुळे सारे घरात अडकले होते. त्याच दिवसांत ‘पाताल लोक’ ही नऊ भागांची हिंदी गुन्हेमालिका आली. तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणजे ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाचे अविनाश अरुण. एवढ्याच ओढीने मी ती पाहावयास घेतली. एका सामान्य तपासकथेपलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती.

दिल्लीतील एका नामवंत पत्रकाराच्या हत्येच्या कटावरून चौघांना अटक होते आणि तपास हाथीराम चौधरी या पोलीस अधिकाऱ्याकडे येतो. या चौघांतील एकाचे नाव कबीर एम. त्याला आडनाव नाही. नुसते एक अक्षर आहे. आपण मुसलमान नाही, असे तो सांगतो आणि त्याच्याजवळ डॉक्टरचा एक दाखलाही असतो. आपली सुंता वैद्यकीय कारणासाठी झाली, हे सिद्ध करणारा तो कागद. पुढे तपास केंद्रीय यंत्रणेकडे जातो आणि कबीर दहशतवादी ठरवला जातो. ज्या मुलाला आपण धर्माची ओळखसुद्धा लागू दिली नाही, त्याला तुम्ही अखेर काय बनवलेत, असे त्याचा वृद्ध पिता हाथीरामला विचारतो. त्या प्रसंगाशी मी मालिका थांबवली. मला दुसरीच एक फाईल आठवली होती.

आदल्या वर्षी मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. परगावी राहणाऱ्या एका सभासदाने आपल्या घराची किल्ली माझ्याकडे सोपवली होती आणि चांगला भाडेकरू पाहण्याची विनंती केली होती. एके दिवशी एक तरुण जोडपे घर पाहून गेले. तो बँकेत नोकरीस, ती शाळेत शिक्षिका. नाव सांगताच त्याने पिशवीतून एक फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. वेतनाची पावती, बँकेचे पत्र, पोलीस पडताळणीचा कागद आणि आधीच्या घरमालकाने दिलेली शिफारस, सारे क्रमाने लावलेले. मी यातले काहीच मागितले नव्हते. “फार व्यवस्थित आहात,” असे मी कौतुकाने म्हणालो. तो नुसता हसला.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. कोणीही वावगा शब्द उच्चारला नाही. माणसे सज्जन दिसतात, यावर सर्वांचे एकमत होते. “आपली काही हरकत नाही, पण बाकीच्या सभासदांना काय वाटेल?” हे वाक्य माझेच. ते बाकीचे सभासद कोण, हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला दूरध्वनी केला आणि मालकांचे नातेवाईक राहावयास येणार असल्याचे सांगितले. तो म्हणाला, “बरं काका, तुम्हाला उगाच तसदी दिली.”

महिनाभरात त्या घरात दुसरे कुटुंब आले. त्यांच्याकडे मी भाडेकराराखेरीज एकही कागद मागितला नाही आणि त्यांनीही दाखवला नाही.

द्वेष म्हणजे शिवीगाळ आणि दंगल, अशी माझी समजूत होती. म्हणून त्या दोहोंपासून दूर असलेला मी स्वतःला निर्दोष समजत होतो. मालिकेत इमरान अन्सारी हा तरुण पोलीस अधिकारी आहे. त्याच्या समाजाविषयी सहकारी त्याच्यादेखत बोलतात आणि तो निमूटपणे आपले काम व स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत राहतो. त्याचा संयम पाहून मी भारावलो होतो. तसाच संयम माझ्या दिवाणखान्यात येऊन बसला, तेव्हा मात्र मी त्याला नीटनेटकेपणा समजलो. कबीरचा दाखला आणि त्या तरुणाची फाईल यांत फरक असा नव्हताच. कोणी आरोप करण्यापूर्वीच दोघेही आपला बचाव सोबत घेऊन फिरत होते. आपण माणूस म्हणून विश्वासार्ह आहोत, याचा पुरावा मला आयुष्यात कधी जवळ बाळगावा लागलेला नाही.

मालिका संपल्यावर दोन दिवसांनी जुन्या वहीतून मी त्याचा क्रमांक शोधला. घराबाबत आपण खोटे बोललो, हे त्याला सांगितले आणि क्षमा मागितली. क्षणभर शांतता पसरली.

“ते मला तेव्हाच कळलं होतं, काका,” तो म्हणाला. मग त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि या दिवसांत बाहेर पडू नका, असे बजावले.