सुरगाणा : फोटोत न दिसणारा मार्च

सापुताऱ्याला जाऊन आलेल्या बहुतेकांनी सुरगाणा पाहिलेलं असतं. फक्त आपण सुरगाण्यातून गेलो हे त्यांना माहीत नसतं! नाशिकहून दिंडोरी, वणी करत बोरगावला पोचलात की तुम्ही सुरगाणा तालुक्यात असता. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे बॉक्स घेऊन बसलेल्या बायका, डोक्यावर हातगडचा किल्ला, आणि पुढे लगेच गुजरातची हद्द. खुद्द सुरगाणा गाव नाशिकपासून साधारण ९० किलोमीटरवर. एकेकाळचं हे छोटंसं संस्थान, आज कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांचा डोंगराळ तालुका.

पावसाळ्यात इथे येणं म्हणजे डोळ्यांना ट्रीट. भिवतासचा धबधबा, भाताची खाचरं, ढगात बुडालेले घाट. ऑफिसच्या कम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून लावावेत असे फोटो मिळतात. पण आज आपण जातोय ते मार्चमध्ये. पिकनिकच्या कॅलेंडरमध्ये नसलेल्या महिन्यात.

मार्चमध्ये डोंगराचा रंगच बदललेला असतो. सागाने पानं गाळलेली, त्यावरून चाललं की पापडासारखा आवाज. कमरेएवढं गवत वाळून पिवळंधमक झालेलं. मध्येच एखादा पळस लालभडक फुललेला, आणि पहाटे मोहाच्या फुलांचा तो गोडसर, जड वास. रात्री घाटातून जाताना लांब डोंगरावर दिव्यांची माळ लावल्यासारखी एक केशरी रेघ दिसते. गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘ए, काय सॉलिड दिसतंय ना!’’

ती रेघ म्हणजे वणवा. आणि त्या रेघेच्या पुढे कुठेतरी एक पाडा असतो.

आग येते कुठून?

आपल्याकडच्या जंगलात वणवा आपोआप लागण्याचे प्रसंग फार कमी. बहुतेक वेळा त्यामागे माणूसच असतो, पण प्रत्येक वेळी तो बेफिकीर असतोच असं नाही.

भात आणि नागलीची रोपं तयार करायची तर आधी ‘राब’ भाजावा लागतो. रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून ते जाळायचं. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि जूनमध्ये रोपं जोमाने येतात. कित्येक पिढ्यांचं हे तंत्र. मोहाचंही तसंच. फुलं पहाटे जमिनीवर गळतात, पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करतात. मोहाची फुलं म्हणजे उन्हाळ्यात हातात येणारा रोख पैसा. दोन्ही कामं नीट केली तर आग तिथल्या तिथे संपते. पण दुपारचा वारा सुटला, आणि बांधाजवळ गवत असलं, की ती हाताबाहेर जाते.

आणि मग आपण! घाटातल्या व्ह्यू पॉइंटवर गाडी थांबवून फेकलेलं सिगारेटचं थोटूक. रात्रीच्या कॅम्पमध्ये अर्धवट विझवलेली शेकोटी. राब भाजणारा निदान आगीजवळ उभा असतो. आपण तर पुढच्या वळणावर पोचलेलो असतो.

चढावरचं गणित

टीव्हीवर आपण कॅलिफोर्नियातल्या, ऑस्ट्रेलियातल्या आगी पाहतो. ७ फेब्रुवारी २००९ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं गेली. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं अख्खं गाव काही तासांत राख झालं, ८५ जणांचा जीव गेला. तिथे आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते. आपल्या सह्याद्रीत ती सहसा जमिनीवरून जाते, गवत आणि पाचोळा खात. ज्वाळा कधी गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या. त्यामुळे ‘हे काय, उडी मारून जाता येईल’ असं वाटतं.

घात होतो तो इथेच. सपाटीवर सावकाश सरकणारी आग चढ लागला की बदलते. ज्वाळा उताराला चिकटतात, पुढचं गवत आधीच तापून सुकतं आणि भसकन पेट घेतं. आगीवर काम करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढावर चौपट. सुरगाण्याच्या डोंगरांत २० अंशांचा चढ म्हणजे रोजची पायवाट! माणसाचं उलटं असतं. चढावर त्याचा वेग कमी होतो, दम लागतो आणि नाकातोंडात धूर जातो. अरुंद घळीत तर आग चिमणीत शिरल्यासारखी वर खेचली जाते.

एकाच रविवारी

११ मार्च २०१८चा रविवार. त्या दिवशी नाशिकहून पायी निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोचला होता. रणरणत्या उन्हात जवळपास १८० किलोमीटर चालून आलेल्या त्या हजारोंमध्ये सुरगाण्याचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. कसत असलेल्या वनजमिनी आपल्या नावावर व्हाव्यात, ही त्यांची मुख्य मागणी. सोलवटलेल्या पायांचे ते फोटो आठवत असतील तुम्हाला.

त्याच रविवारी दुपारी, तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात वीकेंड ट्रेकला आलेला एक ग्रुप वणव्यात सापडला. सह्याद्रीचीच रांग ती, फक्त दक्षिणेचं टोक. त्यात बरीच चेन्नईहून आलेली तरुण मुलंमुली, त्यातही मुली जास्त. परतीच्या वाटेवर वाळलेल्या गवताच्या उतारावर आगीने त्यांना गाठलं. २०हून अधिक जण गेले, काही जागीच, काही नंतर हॉस्पिटलमध्ये. पुढे तमिळनाडू सरकारने ट्रेकिंगसाठी नियम केले.

हे वाचताना तुमच्या-माझ्या वीकेंड ग्रुपची आठवण येतेच. तीच वयं, तेच शूज, सोमवारी ऑफिसला हजर होण्याची तीच घाई. ते सगळे फिट होते. पण जंगलाचा आगीचा सीझन कधी असतो आणि आग चढावर कशी वागते, ही माहिती ट्रेकच्या सामानाच्या यादीत सहसा नसते.

विझवतं कोण?

महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. त्याआधी जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे गवत-पाचोळा साफ करून मोकळे पट्टे ठेवतात, जेणेकरून आग तिथे येऊन थांबावी. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचे इशारे देते. उपग्रहाला ठिपका दिसला की वन कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. टेक्नॉलॉजी झक्कास आहे, पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि गवतातली छोटी आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय मेसेज आला तरी डोंगर कुणीतरी चढावा लागतोच. फायर ब्रिगेडचा बंब काही त्या उतारावर जाऊ शकत नाही.

मग जातं कोण? वनरक्षक, हंगामी मजूर आणि पाड्यावरची माणसं. हातात ब्लोअर असला तर नशीब. नाहीतर हिरव्या पानांच्या डहाळ्या तोडायच्या आणि आगीच्या कडेने झोडपत जायचं. पायात स्लिपर, तोंडाला टॉवेल. यात जीव जातात. एप्रिल २०२१मध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून मरण पावले.

सुरगाण्यात आणखी एक पेच आहे. पावसाळा संपला की इथली तरणी माणसं मजुरीसाठी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. द्राक्षांचा खुडा ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वणव्यांचा हंगामही तेव्हाच. म्हणजे ज्या बागा तुम्ही नाशिकहून येताना गाडीतून पाहिल्यात, तिथे राबणारे हात या पाड्यांचे. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बाया. डहाळी घेऊन पळायचं कुणी?

आणि पाणी? पावसाळ्यात जिथे धो धो कोसळतो, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या सगळं पाणी घेऊन गुजरातमार्गे समुद्राकडे गेलेल्या असतात. प्यायला पुरत नाही ते आगीवर कुठून ओतणार?

बातमी न होणारं नुकसान

सुरगाण्यातल्या वणव्याची बातमी क्वचितच शहरापर्यंत येते, कारण बहुतेक वेळा त्यात माणूस मरत नाही. पण कुडाच्या भिंतींच्या घराला एक ठिणगी पुरते. गुरांसाठी रचलेली गवताची गंजी गेली तर जूनपर्यंत बैलांना घालायचं काय? विकत घ्यायचं किंवा बैलच विकायचे. डोंगरउतारावर हाताने पाणी घालून जगवलेली आंब्याची, काजूची कलमं जळली तर चार-पाच वर्षांची मेहनत गेली. आगीत होरपळलेला मोह पुढच्या वर्षी किती फुलेल, याची खात्री नाही. जळालेल्या उघड्या उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते, आणि तिच्यासोबत पाणी धरून ठेवायची ताकदही. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातला हंडा आणखी लांब जातो.

आग लागायच्या आधीचे उपाय मात्र अगदी साधे आहेत. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून गोळा करणं, किंवा झाडाखाली जुन्या साड्या, जाळी बांधून फुलं झेलणं. राब भाजायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना, भोवतीचं गवत आधी काढून आणि सोबतीला दोन माणसं घेऊन. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपलं जंगल राखण्याचा हक्क दिला आहे. ज्या जमिनीसाठी मुंबईपर्यंत पायपीट केली, ती जळू नये याची काळजी सुरगाण्याच्या माणसांना कुणी शिकवायला नको. त्यांना हवी आहे ती ऐन हंगामात गावातच राहता येईल अशी मजुरी, पायात बूट आणि हातात अवजार. जाळरेषा, आगपाळत ही रोजगाराचीच कामं आहेत. द्राक्षबागेच्या मजुरीच्या तोडीस तोड पैसे मिळाले, तर डोंगर राखायला माणूस घरी थांबेल.

तेव्हा मार्चमध्येही सुरगाण्याला जरूर जा. होळीच्या दिवसांतला आदिवासी पट्टा बघण्यासारखा असतो, आणि मोहाचा तो वास फोटोत येत नाही. फक्त रात्री डोंगरावर केशरी रेघ दिसली तर कॅमेऱ्याआधी फोन काढा आणि कळवा.

उन्हाळ्यात डोंगरात जाताय? हे लक्षात ठेवा

• आगीची खबर : वन विभागाची हेल्पलाइन १९२६, इमर्जन्सीसाठी ११२. जवळच्या गावाचं नाव नक्की सांगा.

• निघण्याआधी गावात चौकशी करा. आसपास कुठे धूर असेल तर ट्रेक सरळ रद्द करा.

• आग दिसली तर चढाच्या दिशेने पळू नका, घळीत शिरू नका. आगीच्या वाटेतून आडवं बाजूला व्हा. नांगरलेलं शेत, खडक, नदीपात्र किंवा जळून पूर्ण थंड झालेली जागा गाठा.

• अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

• शेकोटी, बार्बेक्यू, सिगारेट : फेब्रुवारी ते जून पूर्ण बंद. राखीव जंगलात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.