मॉरिसटाउनचा वाटाड्या

न्यूयॉर्कहून आगगाडीनें तासासव्वातासांत मॉरिसटाउन येतें. न्यू जर्सींत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें तेथील एक पुतळा आम्हां उभयतांस दाखविण्याचें कबूल केलें होतें. गांवच्या मध्यभागीं हिरवळीचें मैदान आहे, तेथें तो उभा आहे. पुतळा कोणा सेनापतीचा नव्हे. मॉरिस फ्रँक हा अंध तरुण व त्याची कुत्री बडी यांचा. स्वित्झर्लंडांत शिकविलेल्या या कुत्रीस घेऊन फ्रँक १९२८ सालीं स्वदेशीं परतला व तिच्या भरंवशावर न्यूयॉर्कचे गजबजलेले रस्ते त्यानें ओलांडले. पुढील वर्षीं नॅशव्हिल येथें ‘सीइंग आय’ ही वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. आज ती या गांवालगतच आहे.

पुतळा पाहून आम्ही जवळच्या उपाहारगृहांत बसलों. इतक्यांत एक अंध बाई आपल्या कुत्र्यासह आंत आल्या. सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या आम्हीं नकळत पाय आंखडून घेतले. परंतु तो कुत्रा मेजाखालीं मुकाट्यानें पडून राहिला. खालीं सांडलेल्या पावाच्या तुकड्याकडेही त्यानें पाहिलें नाहीं.

थोड्या वेळानें दुसऱ्या एक प्रौढ बाई लहानसें कुत्रें कडेवर घेऊन आल्या. आंत येतांच तें भुंकूं लागलें. व्यवस्थापकानें पुढें होऊन दोनच प्रश्न विचारले : हा प्राणी अपंगत्वामुळें आवश्यक आहे काय? आणि कोणतें काम त्यास शिकविलें आहे? बाई म्हणाल्या, “पति वारल्यापासून हा जवळ असला म्हणजे मला धीर वाटतो.” त्यानें नम्रपणें बाहेरचें मेज दाखविलें. बाई डोळे पुसत निघून गेल्या. श्वानासाठीं स्वर्ग नाकारणाऱ्या धर्मराजाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आम्हांस तें निष्ठुर वाटलें.

मग पुतण्यानें नियम समजावून दिला. १९९० च्या अपंगहक्क कायद्याखालीं २०११ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें सार्वजनिक जागीं प्रवेशाचा हक्क काम शिकविलेल्या कुत्र्यास आहे; बुटक्या जातीच्या घोड्यासही शक्य तेथें मुभा द्यावी लागते. दाखला मागतां येत नाहीं. काम उघड दिसत नसेल, तर हे दोन प्रश्न तेवढे विचारतां येतात. मनोविकारही येथें वगळलेले नाहींत. भीतीचा झटका येणार हें ओळखून धन्यास सांवरणें हें काम होय. केवळ सहवास हें काम नव्हे. शिकविलेला कुत्राही अनावर झाला व धन्यानें आवरला नाहीं, तर त्यासही बाहेर नेण्यास सांगतां येतें. शस्त्रक्रियागृहाचें दार तर त्यासही बंदच. विमानकंपन्यांवरही, केवळ धीर देणारा प्राणी स्वीकारण्याचें बंधन २०२१ पासून उरलेलें नाहीं.

शेजारच्या अंध बाईंस पुतण्यानें त्यांचें मत विचारलें. त्या म्हणाल्या, “त्या बाईंचें दुःख खोटें नाहीं. पण असें एखादें कुत्रें भर रस्त्यांत माझ्या कुत्र्यावर धांवून आलें, तर त्याचें लक्ष क्षणभर ढळतें. आणि तेवढा क्षण मी खरोखर आंधळी होतें.”

त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या जाण्यास उठल्या, तेव्हां मघाशीं पाय आंखडून घेणाऱ्या आम्हीं त्या कुत्र्याच्या मस्तकाकडे हात नेला. पुतण्यानें तो हळूच मागें घेतला.

“काका, तो कामावर आहे.”