फाटलेले गिरेबान आणि दादांचा माग

दहावीच्या वर्गात गझल शिकवीत होते. गिरेबान चाक होणे, दामन तार-तार होणे, रफू असे शब्द फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाजी, इतके कपडे फाटतात, मग विणतो कोण?" वर्ग हसला. मीही हसले. पण तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

उर्दू शायरीत कापड बहुधा फाटण्यासाठीच येते. आशिक गळा फाडून रानोमाळ हिंडतो. रफूगर येतो तोही हरण्यासाठी. गालिबच्या दीवानातील पहिल्याच शेरात चित्रांच्या अंगावर कागदी पोशाख आहे. इराणात फिर्यादी कागदी कपडे घालून हाकिमापुढे जात, असा खुलासा गालिबने स्वतः एका पत्रात केला होता. कबीराचे मात्र निराळे. तो मागावर बसलेला माणूस. देहाला चादर म्हणताना ताणा कशाचा, बाणा कशाचा, हे तो कारागिरासारखे विचारतो. स्वतःला जुलाहा म्हणवताना त्याची जीभ अडखळत नाही.

माझी अडखळते. माझे दादा कामठीला हातमागावर लुगडी विणत. पुढे अब्बांनी खड्डामागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. मी बी.एड. झाले. हिंदीचा तासही माझ्याकडेच असतो. 'जुलाहा म्हणजे विणकर' एवढाच अर्थ मी दरवर्षी सांगितला. 'माझे दादा' हे दोन शब्द ओठांपर्यंत येऊन परतले. हा शब्द आपल्यातच शिवीसारखा वापरतात, हे वाचकांना मी काय सांगावे! लग्न ठरवताना बिरादरी विचारणारे आपणच.

त्याच रविवारी मोहाडी तालुक्यातील आंधळगावला गेले. तिथे कोष्टी विणकर कोशाचे, म्हणजे टसरचे कापड विणतात. एका वृद्ध बाबांचा धोटा मध्येच थांबला. ताण्यातला धागा तुटला होता. त्यांनी दोन टोके चिमटीत धरून गाठ मारली आणि पाय पुन्हा चालू झाले. मला रहीमचा दोहा आठवला, प्रेमाचा धागा तुटला की जोडला तरी गाठ राहते, हा. बाबांना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "गाठ तं राह्यतेच ना, मॅडम. नाही मारली तं लुगडं अर्ध्यातच राह्यते."

सोमवारी वर्गात त्या मुलीला म्हणाले, "विणणाऱ्यांत माझे दादा होते. आम्ही जुलाहे."

तिने लगेच विचारले, "बाजी, एका लुगड्याला किती दिवस लागायचे?"

मला ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीत अब्बांना फोन लावला.