पाटी बदला, पाक तोच राहू द्या

धाराशिवमधल्या जुन्या हॉटेलमालकांनो,



फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव बदलून उस्मानाबादचं धाराशिव झालं. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नामांतर कायम ठेवलं आणि पुढच्या वर्षी रेल्वे स्टेशनची पाटीसुद्धा बदलली. आता तुमची पाळी. पाटी उतरवायचीच आहे, तर लोगो, मेनूकार्ड, भिंतींचा रंग, सगळं एकदाच उरकावं असं वाटणारच.

उरका की! काळवंडलेली पाटी म्हणजे परंपरा नव्हे. पण डिझायनरला आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा भूम-वाशीकडच्या खवाभट्टीवर जाऊन या. पाच लिटर दूध आटतं तेव्हा जेमतेम किलोभर खवा हाती लागतो. शेवटी शेवटी तर कढईतलं उलथणं क्षणभरही थांबवता येत नाही. थांबलं की खवा तळाला लागलाच. तुमच्या गुलाबजामाची पत तिथं ठरते. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तो आपल्याकडे वापरतात हे किती मेनूकार्डांवर लिहिलेलं असतं? त्याऐवजी पनीर चिलीचा गुळगुळीत फोटो. तो तर हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर सापडेल.

मटणाचंही तेच. शहर धाराशिव झालं, तरी शेळीच्या जातीची नोंद उस्मानाबादी म्हणूनच आहे. तेव्हा हौसेनं तिचं बारसं करू नका. पुण्या-मुंबईचा खवय्या त्याच नावानं मटण मागतो.

बदल करायचाच तर गिऱ्हाइकाच्या सोयीचा करा. पुण्याच्या चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची प्रथा मोडली. त्याची बातमी झाली, बाकरवडी मात्र होती तशीच राहिली. तुम्हीही फॅमिली रूमचा उकाडा घालवा, मोरी स्वच्छ ठेवा, दर वाचता येतील एवढे ठळक लिहा.

पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा कायदाच आहे. लोकांच्या तोंडी बसलेलं हॉटेलचं नाव मात्र 'कॅफे', 'किचन' जोडून लांबवू नका. आणि जागा उरली, तर हॉटेल सुरू झालं ते साल टाका. खरं असेल तेच.

आपला,
एक जुना गिऱ्हाईक