काकूंचे मोजे

प्रत्येक जुन्या घरांत कांहीं वस्त्रांना मान असतो. आमच्या महाडच्या घरीं पीतांबराला रिठ्याच्या पाण्याखेरीज दुसरें पाणी चालत नाहीं, आणि कोणीं चुकून शालू उन्हांत वाळत घातला तर तो दिवस घरांत कोणासच सुखाचा जात नाहीं. हें शास्त्र आम्ही लहानपणापासून पाळीत आलों. परंतु पायांत घालावयाच्या मोज्यांचेंही असें एखादें शास्त्र असेल, आणि तें मोडल्याचें प्रायश्चित्त घरच्या वडील माणसास घ्यावें लागेल, हें कळावयास आम्हांस एक अख्खा पावसाळा लागला.

आमच्या काकू माहेरच्या पोलादपूरच्या. त्या या घरांत आल्या तेव्हां चुलीपुढें बसण्याचे दिवस संपत आले होते. ओटा आला आणि त्याबरोबर उभें राहणें आलें. त्या उभ्या राहण्यांत त्यांची कित्येक वर्षें गेलीं. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गांठी उठल्या, संध्याकाळीं घोटे सुजूं लागले, आणि अखेरीस डाव्या घोट्याच्या वर, आंतल्या अंगास, एक जखम झाली ती कांहीं केल्या भरेना. घरांत इतकीं माणसें. पण पातळाच्या काठाखालीं काय चाललें आहे हें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं.

डॉक्टरांनीं कारण समजावून सांगितलें. पायांतील रक्त वर चढावयाचें तें पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आणि चढलेलें रक्त पुन्हां खालीं येऊं नये म्हणून शिरांत झडपा असतात. त्या सैल झाल्या कीं रक्त खालींच सांचतें. पट्ट्या बांधून जखम भरल्यावर त्यांनीं दाबाचे मोजे दिले. मात्र देण्यापूर्वीं पायाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह नीट तपासला. कारण तो मुळांतच कमी असेल तर हेच मोजे अपाय करितात. या मोज्यांचा दाब घोट्यापाशीं सर्वांत जास्त आणि वर गुडघ्याकडे कमी कमी होत जाणारा. काकूंच्या मोज्यांवर तो पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर असा छापला होता.

पुढें आषाढ लागला. महाडचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगणें नको. आठ आठ दिवस धोतर वाळत नाहीं. मोजे इतर कपड्यांबरोबर गरम पाण्यांत भिजत, धोतरासारखे पिळले जात आणि शेगडीवरच्या दांडीवर पडत. दिसावयास ते नव्यासारखेच होते. उलट काकू समाधानानें म्हणत, "आतां कसे अलगद चढतात!" आम्हांसही तें ऐकून बरें वाटे. दोन महिन्यांनीं पाय पुन्हां सुजला आणि भरलेली जखम उघडली. डॉक्टरांनीं मोजा दोन बोटांनीं ताणून पाहिला आणि इतकेंच म्हणाले, "हा आतां नुसता मोजा राहिला आहे."

अलगद चढूं लागणें हीच त्याच्या मरणाची खूण होती, आणि आम्ही तिला गुण समजत होतों.

या मोज्यांची मूळ कल्पना ऐकून काकूंस मोठें नवल वाटलें. कॉनरॅड जॉब्स्ट नांवाचे एक यंत्रशास्त्रज्ञ अमेरिकेंत टोलेडो शहरीं राहत. त्यांस स्वतःला हीच व्यथा होती. तलावांत उभें राहिलें कीं पायांस आराम पडतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. पाणी जितकें खोल तितका त्याचा दाब अधिक. त्यावरून १९५० च्या सुमारास त्यांनीं असे चढउताराच्या दाबाचे मोजे सिद्ध केले. हें ऐकून काकू म्हणाल्या, "अरे, मग हें आम्हांला ठाऊकच होतें! पोलादपुरास सावित्रींत गुडघाभर पाण्यांत उभें राहून धुणें धुतलें, तेव्हां पाय कधीं दुखले नाहींत." आम्ही गणित करून पाहिलें. गुडघाभर पाण्यांत घोट्यावर पडणारा दाब पाऱ्याच्या सुमारें २५ मिलिमीटर भरतो. नदी आपल्या परीनें त्यांस मोजेच घालीत होती!

आतां धुण्याची रीत सांगतों. मोजे रोज धुवावेत, कारण घाम आणि अंगाचें तेल लवचिक धाग्यास खातात. म्हणून पायांस तेल किंवा मलम लावावयाचें तें रात्रीं, मोजे काढल्यावर. पाणी कोमट, साबण सौम्य; कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव व ब्लीच वर्ज्य. घासूं नये, पिळूं नये. पंचांत गुंडाळून हातानें दाबावें म्हणजे पाणी निघतें. मग सावलींत, वाऱ्यावर, आडवे पसरावे; ऊन, शेगडी आणि इस्त्री यांस दूर ठेवावें. दमट मोजा पायांत घालूं नये, म्हणून दोन जोड हवेत. घालावयाचे ते सकाळीं, पाय सुजण्यापूर्वीं. नखें कापलेलीं असावींत व हातांतल्या अंगठ्या काढाव्यात. काकूंना जोडवीं काढावयाचीं नव्हतीं, म्हणून बोटें उघडीं असलेले मोजे आणले, आणि चढवितांना धागा अडकूं नये म्हणून जुन्या रेशमी पातळाची एक पिशवी शिवून दिली. इतकें करूनही साधारण सहा महिन्यांनीं जोड बदलावाच लागतो.

ही रीत आम्हांस एका दिवसांत पाठ झाली. काकूंची समजूत घालावयास मात्र महिना लागला. पायांतलें वस्त्र दुसऱ्यानें धुवावें हें त्यांस पटेना. रात्रीं सर्व निजल्यावर त्या न्हाणींत उभ्या राहून स्वतःच मोजे धुवीत. म्हणजे ज्या उभें राहण्यापायीं मोजे आले, त्याच मोज्यांसाठीं पुन्हां उभें राहणें! एके रात्रीं आम्हीं तेथें जाऊन बादली उचलली. त्या ओशाळून म्हणाल्या, "माझ्या पायांतले तूं धुणार?" आम्हीं म्हटलें, "आमच्या दुपट्यांपासून सगळ्यांचें तुम्हीच धुतलेंत, काकू. त्यांत पायांतलें-डोक्यावरचें असा भेद कधीं केलात?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, पण पाट ओढून बसल्या.

पुढें २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें. जें हातीं लागलें तें घेऊन आम्ही माडीवर गेलों: देवांची पेटी, दस्तऐवजांची पिशवी. मागाहून आमचा धाकटा मुलगा जिना चढून आला. त्याच्या बगलेंत पंचांत गुंडाळलेला मोज्यांचा जोड होता. तो धापा टाकीत म्हणाला, "अजून वाळले नाहींत, आजी. उद्यां घाला."