जाकीट नुसत्या रंगाचे नसते



जानेवारी महिना रस्ता सुरक्षेचा म्हणून पाळला जातो. शाळेत फलक लागतात, घोषणा होतात, निबंध लिहिले जातात. ते सर्व आवश्यकच आहे. परंतु आपले नेरडीगोंडा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर वसलेले गाव आहे. पूर्वीचा हा सात क्रमांकाचा महामार्ग. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारी वाहतूक आपल्या दारावरून रात्रंदिवस धावते. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे आईवडील याच रस्त्याच्या कामावर जातात. कोणी खड्डे बुजवतो, कोणी दुभाजकावरील झाडांना पाणी घालतो. कोणी कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये असतो, तर कोणी वेल्डिंग करतो. म्हणून या वेळी आम्ही घोषणांवर न लिहिता त्यांच्या अंगावरील जाकिटावर लिहायचे ठरविले.

डिसेंबरच्या पालक सभेत आम्ही पालकांना विनंती केली होती की, कामावर जे घालता ते घेऊन या. सात-आठ जणांनी जाकिटे आणली. बहुतेक नारिंगी, काही पोपटी. विज्ञान शिक्षकांनी वर्गाची दारे-खिडक्या बंद केली आणि मुलांना बॅटरी डोळ्याजवळ धरून जाकिटावर प्रकाश टाकायला सांगितले. नव्या जाकिटाची पट्टी लखकन् उजळली. दोन वर्षे वापरलेल्या जाकिटाची पट्टी मात्र राखाडीच राहिली. ज्यांचे ते जाकीट होते ते पालक रात्रपाळीला रस्त्यावर असतात. ते हळूच म्हणाले, “सर, मग गाडीवाल्याला आम्ही दिसतच नसू की!” वर्गात त्यांची मुलगीही बसली होती. त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

मुलांनो, यामागील विज्ञान सोपे आहे. जाकिटात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोघींची कामे वेगळी. भडक नारिंगी किंवा पिवळा रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे घेऊन त्यांचा दिसणारा प्रकाश करतो. म्हणून तो दिवसा, धुक्यात आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो. रात्री हा गुण उपयोगी पडत नाही. रात्रीचे काम पट्टीचे. तिला आपण ‘रेडियम’ म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसते. काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक असतात, आणि ते दिव्याचा प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवितात. मणी झिजले, धूळ-डांबर बसले की पट्टी आंधळी होते. उन्हाने रंगही विटतो.

आता एक गणित करा. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. चालकाला माणूस एक सेकंद उशिरा दिसला, तर आपल्या शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्यांइतके अंतर हातचे गेले. ब्रेक त्यानंतर लागणार!

म्हणूनच अशा कपड्यांना ‘मानक’ असते. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेथे हा शब्द रोजचा होता. मराठीतही तोच चालतो. मान म्हणजे माप, आणि मान म्हणजे आदरही. ज्याच्या जिवाचे माप नीट घेतले, त्याचाच खरा आदर केला असे आम्ही समजतो. दुरून दिसणाऱ्या कपड्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १५८०९ आहे आणि आंतरराष्ट्रीय आय. एस. ओ. २०४७१ आहे. आंतरराष्ट्रीय मानकात तीन वर्ग आहेत. सर्वांत वरच्या, तिसऱ्या वर्गात भडक कापड किमान ०.८० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी ०.२० चौरस मीटर लागते. पट्टी किमान पाच सेंटिमीटर रुंद हवी. म्हणजे एका माणसाच्या अंगावर चार मीटर पट्टी आली! शिवाय तिसऱ्या वर्गात बाह्या किंवा पूर्ण पायांची विजारही पट्टीसह हवी, कारण हलणारे हातपाय पाहूनच ‘हा माणूस आहे’ हे चालकाला कळते. बाजारातील बिनबाह्यांच्या पातळ जाकिटावर दोन बारीक पट्ट्या असतात. ते रंगाने तसेच दिसते, पण मापाने तसे नसते.

आता दुसरी बाजू, आगीची. सभेत एका वेल्डिंग करणाऱ्या पालकांनी अभिमानाने सांगितले की, आम्ही काम करतानाही हे नारिंगी जाकीट काढत नाही. आमच्या शिक्षकांनी प्रयोगशाळेत चिमट्यात त्याच जाकिटाचा एक धागा धरून ज्योतीजवळ नेला. तो आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा तप्त थेंब खाली पडला. (मुलांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये.) हे जाकीट पॉलिस्टरचे. पॉलिस्टर सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते आणि कातडीला चिकटते. साधा सुती कपडा वितळत नाही, पण पेट घेतो. अग्निरोधक कपडा वेगळाच असतो. एक तर सुती कापडावर रसायनाची प्रक्रिया केलेली असते, किंवा तंतूच असा असतो की तो वितळत नाही, कोळसतो. आय. एस. ओ. ११६१२ या मानकाच्या चाचणीत कापडाला दहा सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांच्या आत कापड विझले पाहिजे आणि जळता थेंब पडता कामा नये.

यातून एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. आत कितीही चांगला अग्निरोधक कपडा असला आणि वरून साधे पॉलिस्टरचे जाकीट चढविले, तर आतल्या कपड्याचा उपयोग मोठ्या प्रमाणात वाया जातो. ठिणगीजवळ काम असेल तर वरचे जाकीटही अग्निरोधकच हवे. तसेच तेलाने, ग्रीसने माखलेला आणि कापसाच्या तुसाने भरलेला कपडा लवकर पेटतो. तो धुवा, पण त्यात ब्लीचिंग घालू नका, त्याने प्रक्रिया निकामी होते. लेबलावर लिहिले असेल तसेच धुवा.

कपड्यावर सर्व भार टाकणेही बरोबर नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग विझविताना स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. तेवढ्या स्फोटातून कोणताही कपडा वाचवू शकला नसता. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवायचा नाही, ही पहिली सुरक्षा. कपडा हा शेवटचा पहारेकरी आहे. परंतु बाकी सारे चुकले तर तोच उरतो, म्हणून तो खरा असला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कापूसच पिकतो, तेव्हा हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

“हे सर्व ठीक, पण पैसे कोण देणार?” असे सभेत एका ताईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडून जाकिटाचे पैसे मजुरीतून कापून घेतले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामाच्या जागी सुरक्षेसाठी जे दिले जाते, त्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, हे मालकाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. हे भीत भीत नव्हे, तर नम्रपणे आणि ठामपणे मागावे. एकट्याने न मागता चौघांनी मिळून मागावे.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, शाळेच्या शिपायांसाठी आणि सकाळी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी या वर्षी जी जाकिटे घ्याल, ती रंग पाहून घेऊ नयेत. मानकाचा क्रमांक, वर्ग आणि धुण्याच्या सूचना असलेले लेबल पाहूनच घ्यावीत. चार पैसे अधिक लागतील. ते शाळेच्या खर्चात शोभतील.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एक काम सोपवितो. आज रात्री दिवा मालवून घरातील जाकिटावर बॅटरी टाका. पट्टी उजळली नाही, तर बाबांना, आईला, काकांना तसे सांगा. आमचे ते कदाचित ऐकणार नाहीत, पण तुमचे नक्की ऐकतील.